उघड्या छताची फाइल

प्रीतम भुतंखेतं मानत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याच्या आजोबांनी छप्पन साली घरातला देव्हारा काढला, तेव्हाच भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं हा सगळा पसारा उंबऱ्याबाहेर टाकला होता, आणि तो चोरपावलांनी परत आत येऊ नये म्हणून आजीनं जन्मभर पहारा ठेवला. अशा घरातला हा माणूस, त्यात धंदा लॅपटॉपचा. त्यामुळे श्रावणातल्या त्या दिवसाबद्दल तो सहसा बोलत नाही. बोललाच तर आकड्यांपासून सुरुवात करतो.

खोपोलीला शिळफाट्यावर, टायरवाल्याच्या मागच्या बाजूला त्याचा गाळा आहे. डिझेल गाडीच्या टर्बोनं इंजिनात हवा किती दाबानं कोंबायची, हे गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो. मेकॅनिक लोक त्याला ईसीएम म्हणतात. कंपनीनं हा दाब जरा हात राखूनच ठेवलेला असतो. प्रीतम लॅपटॉपची वायर लावतो, ईसीएममधली फाइल बाहेर काढतो, दाबाचे आकडे वाढवतो, त्या मानानं डिझेल वाढवतो आणि फाइल परत आत घालतो. मग घाटात मान टाकणारी गाडी तरणीताठी झाल्यागत चढायला लागते. मालक खूश, प्रीतमही खूश.

पण दाबाला वरची एक हद्द असते. हवा तिच्यापुढे गेली की ईसीएम डिझेल तोडतो आणि इंजिन वाचवतो. प्रीतम या हद्दीला छत म्हणतो. हा दाब बारमध्ये मोजतात. चाचणीच्या फेऱ्या मारताना गाडी मध्येच डिझेल तोडून बसू नये म्हणून तो छत आधी पार तीन बारवर नेऊन ठेवतो, म्हणजे जवळजवळ काढूनच टाकतो. फेऱ्या झाल्या, आकडे बसले, की छत खाली आणून जागेवर बसवायचं आणि मगच गाडी सोडायची. ही त्याच्या हाताची सवय होती. सवय म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, आणि घोटाळा तिथंच होतो.

हे झालं लॅपटॉपचं. त्याच्या आधीचं सगळं ज्ञान कोंडीराम काकांचं. काका नात्यातले नव्हते, वस्तीतले होते. चाळीस वर्षं डिझेल पंपांची कामं केलेला माणूस. सोळाव्या वर्षी प्रीतम त्यांच्या हाताखाली लागला आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिला. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा होज, म्हणजे जाड रबरी नळी, काका तळव्यानं धरायचे आणि दुसऱ्याला रेस करायला सांगायचे. "मागतेय अजून... भरली... बास. इथंच धर." मागाहून मीटर लावला तर काट्यात तिळाचा फरक निघत नसे. प्रीतमनं लॅपटॉप घेतला तेव्हा काका म्हणाले होते, "घे. पन हात लावून बघायचं सोडू नको."

गेल्या दिवाळीच्या आधी काका गेले. चाळीस वर्षांच्या धुरानं छाती खाल्लेली. वॉर्डात प्रीतम उशाशीच होता. काकांनी शेवटचा श्वास मोठा घेतला, छाती भरली, आणि तो बाहेर आलेला प्रीतमला दिसलाच नाही. नर्सनं चादर वर ओढली तरी हा वेडा त्या चादरीकडे बघत बसून राहिला, की आता सोडतील.

तर, श्रावणातला दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला रोहिदास आपली पांढरी नऊ सीटची जीप घेऊन आला. रोहिदास उंबरमाळच्या ठाकूरवाडीतला. कर्जतच्या वर, डोंगराच्या खळग्यात ही वाडी. खळग्यात असल्यामुळे तिथून कुठंही जायचं तर आधी खिंड चढायची आणि कुठूनही यायचं तर आधी खिंड चढून मग वाडीत उतरायचं. वाडीत चालू स्थितीतलं चारचाकी वाहन हे एकच. सापविंचू असो, ताप असो, बाळंतपण असो, रोहिदासची जीपच निघते.

"प्रीतमदादा, चढाला दम तोडते ही," रोहिदास म्हणाला. "भरली गाडी खिंडीत उभी ऱ्हाते."

"किती माणसं भरतोस?"

"आवंदा जास्त नाय भरनार." तो जरा घुटमळला. "दोन वर्सांमागं सुरेखाला आनत होतो. खिंडीत बसली गाडी. पाऊन तास. पोर तितंच गेला, दादा. आता परत दिवस हायेत तिला. तीन आठवडे ऱ्हायलेत. या टायमाला बसली नाय पायजे."

प्रीतमनं पाना घेतला. त्यानं बॉनेट उघडलं.

गाडी जुनी होती, पण इंजिन प्रामाणिक होतं. एकच गोष्ट त्याच्या मनाला खटकली. टर्बोवरची ती छोटी झडप, जादा दाब बाहेर सोडणारी, गंजून जड झाली होती. कधी हलायची, कधी रुसून बसायची. प्रीतमनं ती तेल मारून मोकळी केली आणि म्हणाला, "ही बदलावी लागेल रं. पुढच्या आठवड्यात मागवतो. तोवर चालेल, छत आहे आपलं." म्हणजे झडप अडकली आणि दाब बेफाम वाढला तरी ईसीएम डिझेल तोडेल, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. छत जागेवर असतं तर.

चाचणीच्या दोन फेऱ्या झाल्या. कंपनीचा दाब सव्वा बार होता, तो त्यानं दीडवर नेला. स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी नोंद घेणारी डबी लावली होती, तिच्यात सगळे आकडे साठत होते. तिसऱ्या फेरीहून गाळ्यावर परतले, वायर लावायची तेवढ्यात रोहिदासचा फोन वाजला. शेजाऱ्याच्या फोनवरून त्याची आई बोलत होती. सुरेखाला कळा सुरू झाल्या होत्या. तीन आठवडे आधीच.

रोहिदास उडी मारून स्टिअरिंगमागं बसला. त्यानं किल्ली फिरवलीसुद्धा. प्रीतमच ओरडला, "जा, जा! मागं बघू नको!" आणि जीप दीड वाजता कर्जतच्या रस्त्याला लागली.

प्रीतमनं चहा मागवला. पाऊस बारीक धरून होता, हायवेवर धुकं उतरलं होतं, गाड्या भर दुपारी दिवे लावून चालल्या होत्या. चहा पिऊन तो लॅपटॉप बंद करायला गेला. पडद्यावर रोहिदासची फाइल तशीच उघडी होती. छताच्या चौकटीत आकडा होता, तीन पूर्णांक शून्य शून्य.

जड झडप, भरलेली गाडी, खिंडीचा चढ, आणि वर अडवणारं काही नाही. दाब वाढत जाणार, होज फाटणार, नाहीतर टर्बोच फुटणार. टर्बो फुटला तर इंजिन स्वतःचंच तेल प्यायला लागतं, मग किल्ली काढली तरी बंद होत नाही, किंचाळत किंचाळत मरतं. दोन वर्षांपूर्वी जीप दम कमी म्हणून बसली होती. आज ती प्रीतमनं दिलेल्या दमानं बसणार होती, त्याच खिंडीत, त्याच बाईला घेऊन.

त्यानं फोन लावला. रेंजच्या बाहेर. परत लावला. मग लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रेनकोटच्या आत घातला आणि मोटरसायकलला किक मारली.

कर्जत मागं पडेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला फक्त पांढरी जीप शोधत होता. डोंगराचा रस्ता लागला तसा तो डांबराकडे बघायला लागला, तेलाचा ओघळ दिसतो का म्हणून. धुकं इतकं दाट झालं की पुढचं चाक दिसत होतं, त्यापलीकडे काही नाही. ओल्या पानांचा, कुजक्या मातीचा वास. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता आणि पाणी कुठंच दिसत नव्हतं. खिंडीच्या माथ्यावर तो पोचला. रस्त्यावर तेल नव्हतं, जीप नव्हती. म्हणजे एकदा चढून ती वाडीत सुखरूप उतरली होती. त्याला तेवढ्यानंही रडू आलं.

पुढं उतरावं तर अरुंद रस्ता, आणि समोरून ती येत असली तर धुक्यात टक्करच. त्यानं मोटरसायकल बंद केली आणि कान दिला.

खालून आवाज आला. जीप वाडीतून निघाली होती.

इंजिनाची घरघर, आणि तिच्यावर टर्बोची शीळ. ही शीळ प्रीतमला आकड्यांसारखी वाचता येते. एक बार... सव्वा... दीड. इथं ती थांबायला हवी होती. थांबली नाही. वर चढत राहिली. झडप अडकली होती. एक पॉइंट सहा... शीळ बारीक झाली, धारदार झाली, धुक्यातून दातांत शिरायला लागली. प्रीतमनं डोळे मिटले आणि फुटण्याच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.

आणि मग शीळ दबली.

बंद नाही पडली. कमीही नाही झाली. ओरडणाऱ्या तोंडावर कुणीतरी हळूच तळवा ठेवावा, तशी ती एका सुरात बसली आणि तिथंच राहिली. चढ वाढला, रोहिदासनं गिअर टाकला, इंजिन कण्हलं, पण शीळ तसूभर हलली नाही. प्रीतमनं हजार गाड्या ऐकल्या असतील. असा सूर त्यानं कुठल्याच गाडीचा ऐकला नव्हता. तरीही तो ओळखीचा होता, आणि का ओळखीचा आहे हे मनात आणायचं धाडस त्याला झालं नाही.

दिवे दिसले. जीप माथ्यावर आली, त्याला ओलांडून गेली. काचेआड रोहिदासचं पांढरं पडलेलं तोंड, मागच्या सीटवर त्याच्या आईच्या मांडीवर सुरेखा. थांबवायची सोय नव्हती. पुढं उतारच होता. प्रीतम मागोमाग निघाला.

साडेचारच्या आसपास सुरेखाला सरकारी दवाखान्यात आत नेलं. सासू तिच्याबरोबर आत गेली. जीप आवारात, बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीखालीच उभी होती. रोहिदासनं किल्ली काढून प्रीतमच्या हातात दिली, "बघा दादा, शेवटी कसा आवाज करीत होती," आणि तो ओट्यावर जाऊन मटकन बसला.

प्रीतमनं डबीतल्या नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. दाबाची रेघ त्याच्यासमोर होती. जाताना खिंडीत सव्वा, दीड, एक पॉइंट सहा, आणि तिथून पुढं अकरा मिनिटं एकसारखी सरळ. येताना तेच, चौदा मिनिटं. पट्टी धरून मारल्यासारखी रेघ. यंत्र अशी रेघ मारत नाही; यंत्राचा दाब थरथरतो, वरखाली होतो. त्यानं ईसीएमची फाइल परत वाचून घेतली. छत तीनच होतं. किल्ली काढून घेतली, बॉनेट उघडून झडपेला बोट लावलं. ती पुरती गंजून बसली होती, ढिम्म हलत नव्हती. म्हणजे दाब अडवणारं त्या गाडीत काहीच नव्हतं.

मग सवयीनं त्यानं होजवर तळवा ठेवला.

होज टणक होता.

आता हे नीट समजून घ्या. इंजिन बंद, किल्ली प्रीतमच्या खिशात, गाडी उभी राहून वीसेक मिनिटं झालेली. इंजिन थांबलं की होजमधली हवा क्षणात निघून जाते आणि रबर मऊ पडतं. हा होज मात्र फुगलेला होता, भर चढावर असावा तसा. तळव्याखाली ऊब होती. आणि ती ऊब किंचित आत जात होती, किंचित बाहेर येत होती... पण बाहेर येऊन सुटत नव्हती. धरून ठेवलेली होती.

प्रीतमला हात काढता येईना.

"दादा..." रोहिदास ओट्यावरून उठून खिडकीपाशी आला होता. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "सुरेखा वरडायची थांबली."

"हं."

"पन पोर रडला नाय..."

दोघं ऐकत राहिले. खिडकीत भांड्यांचा आवाज, बायकांची घाईघाईची पावलं, कुणीतरी दबक्या आवाजात आकडे मोजत होतं. मग तेही ऐकू येईनासं झालं. पागोळ्यांचं पाणी तेवढं पत्र्यावर पडत होतं. रोहिदासनं दोन्ही हातांनी गज धरले. त्याचे ओठ हलत होते. दोन वर्षांपूर्वी त्यानं ही शांतता एकदा ऐकली होती.

प्रीतम होजवर वाकला. आजोबांची, आजीची, साऱ्या घराची लाज बाजूला ठेवून, रोहिदासला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "काका... पोचली गाडी. सगळे पोचले. आता सोडा."

होज सुस्कारला. एक लांब, दमलेला, मनुष्याचा श्वास. प्रीतमच्या तोंडावर गरम हवा आली आणि खिडकीच्या दिशेनं निघून गेली. त्याच्या हाताखाली रबर हळूहळू मऊ झालं.

आणि आतून पोर रडलं.

थोड्या वेळानं हर्षला नावाची सिस्टर बाहेर आली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मुलगा आहे. आईपण बरी आहे. पण बाबा, जीव काढलात आमचा! निळा पडला होता. पिशवीनं हवा देतोय, देतोय, छाती उचलतच नव्हती. सोडून द्यायच्या बेताला आलो होतो. मग एकदमच भरली छाती. आमच्या पिशवीच्या आधीच भरली." तिनं हे सांगताना एकदा मागं खोलीकडे पाहिलं, आणि पुढचं काही न बोलता आत गेली.

रोहिदास प्रीतमच्या पाया पडायला वाकला. प्रीतमनं त्याला धरून उभं केलं आणि सगळं सांगून टाकलं. छत उघडं राहिलं होतं, चूक माझी होती, तुम्ही तिघंही माझ्यापायी खिंडीत गेला असता. काकांचं आणि होजचं तेवढं सांगितलं नाही.

रोहिदासनं ओल्या बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "दादा, चढाला गाडी बसली नाय. मला येवडाच म्हाईत हाय." आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

प्रीतमनं त्या आवारातच, छत्री लॅपटॉपवर धरून, छत खाली आणलं आणि फाइल परत घातली. घरी जाताना वाटेत त्यानं मोटरसायकल थांबवली आणि काकांच्या बंद घरासमोर थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. कुणाचे आभार मानतो आहे हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. आयुष्यात इतकं भरून त्याला कधी आलं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर प्रीतम ती आनंदानं सांगत सुटला असता.

नवी झडप यायला उशीर झाला; सव्वा महिन्यानं तो ती बसवायला उंबरमाळला गेला. पाऊस ओसरला होता, भात पोटरीला आलं होतं, डोंगरभर पिवळी फुलं. दुपारी झडप बसवून झाली. अंगणातल्या फणसाखाली तेवढी फोनला रेंज येते, म्हणून खाट तिथंच टाकलेली. रोहिदासच्या आईनं नाचणीची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, "पोट भरून जेव रं बाबा, तुज्यामुळं नातू बगतेय," म्हणाली, आणि त्या वाक्यावर प्रीतमनं हातातला घास ताटात ठेवला. सुरेखानं बाळ आणून त्याच्या मांडीवर दिलं. गुटगुटीत, काळंभोर, मूठ आवळून झोपलेलं.

"एक सांगू का, दादा?" सुरेखा म्हणाली. "हसाल तुमी."

"सांग ना."

"गाडी खिंडीच्या शेवटल्या चढाला लागली का हा श्वास धरून बसतो. गाडी माथ्याव गेली का सोडतो. डाक्टरला दावला. काय नाय म्हनले, पोर एकदम झ्याक हाय."

रोहिदास हसला. "काय पन बोलतेय."

पण बोलता बोलताच वाडीतून निघालेल्या रेशनच्या ट्रकचा आवाज आला. ट्रक खिंडीच्या शेवटच्या उभ्या चढाला लागला होता. प्रीतमचा तळवा बाळाच्या छातीवर होता. छाती भरली आणि थांबली. ट्रक कण्हत चढत होता. प्रीतमनं मनात मोजलं. बाराला ट्रक माथ्यावर गेला, आणि बाळानं शांतपणे श्वास सोडला. झोप मोडली नाही.

कुणी हसलं नाही. पण भीतीही वाटली नाही, हे प्रीतम मुद्दाम सांगतो. त्याला बरंच वाटलं. कुणीतरी अजून चढावर लक्ष ठेवून आहे, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्यानं त्या एवढ्याशा कपाळावर ओठ टेकले.

थोड्या वेळानं छाती परत भरली आणि थांबली.

प्रीतमनं कान दिला. खिंडीकडून काही आवाज नव्हता. रोहिदास उठून अंगणाच्या टोकाला गेला, हात डोळ्यांवर धरून बघून आला. "रस्त्याव कोन नाय."

"मंग आसा का करतोय?" सुरेखाचा आवाज बदलला. "रिकाम्या रस्त्याला कवा करीत नाय..."

प्रीतम मोजत होता. बारा झाले, वीस झाले. छाती तळव्याखाली टणक झाली होती. तो टणकपणा त्याच्या हाताला ठाऊक होता. सव्वीस... तीस. रोहिदासच्या आईनं बाळाची पावलं चोळायला घेतली. चौतिसाला बाळानं श्वास सोडला. एक लांब, दमलेला श्वास, एवढ्याशा पोराला न शोभणारा.

प्रीतमचा फोन वाजला. नेरळचा जगदीश, भाजीचा टेंपो चालवणारा. त्याची फाइल प्रीतमनंच केली होती, गेल्या उन्हाळ्यात.

"दादा, जयभीम. पुण्याला चाललोय. घाटात एका चढाव आवाज लय बारीक झाला रं, वाटलं गेलं इंजिन. मंग एकदम दबला नि एका सुरात ऱ्हायला. आता माथ्याव आलोय, हाय सगळं बरोबर. म्हनलं कळवावं. थँक्यू हां, काय ताकद घातलीस!"

"जगदीश," प्रीतम म्हणाला, "गाडी कडेला घे. किल्ली काढ. मी येईपर्यंत हलवू नकोस."

त्यानं खाटेवरच लॅपटॉप उघडला. गेल्या उन्हाळ्यातल्या फाइलींतून जगदीशची शोधून काढली. छताच्या चौकटीत आकडा होता, तीन पूर्णांक शून्य शून्य. त्या दिवशीही कुणाचा तरी फोन आला असेल. कुणीतरी घाईत असेल. त्याला काहीच आठवेना.

त्यानं बाळाचे दोन्ही पाय ओंजळीत घेतले आणि त्यांवर डोकं टेकवलं. "उपकार झाले," तो पुटपुटला, "लई उपकार झाले..." सुरेखाला काही कळलं नाही, पण तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग तो सावरून बसला. दोन वर्षांत एकसष्ट गाड्या केल्या होत्या. कोकणात, घाटावर, पार नाशिकपर्यंत गेलेल्या. एक एक फाइल उघडून बघायची, आत्ताच, इथंच. त्यानं पहिली उघडली. छत जागेवर होतं. दुसरीचंही होतं. तिसरी उघडत असताना सुरेखानं त्याचं मनगट धरलं.

बाळाची छाती भरून थांबली होती. बाळ जागं होतं. डोळे उघडे होते आणि ते प्रीतमकडे बघत होतं. खिंडीचा रस्ता रिकामा होता.

प्रीतमनं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातानं पुढची फाइल उघडली. अजून अठ्ठावन्न राहिल्या होत्या.